समुद्राच्या बातमीचे संगीत, समुद्रापासून दूर

गेल्या अंकातील या सदरात समुद्रावरील वार्तांकनातून शब्दविरहित वाद्यसंगीत रचणाऱ्या संगीतकारांविषयी थोडक्यात लिहिले होते. अमेरिकी पत्रकार इयान अर्बिना यांची समुद्रातील बेकायदा मासेमारी, वेठबिगारी आणि खलाशांचे हाल यांविषयीची लेखमाला २०१५ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे त्यांनी उभ्या केलेल्या संस्थेने देशोदेशींच्या संगीतकारांना त्या वार्तांकनावर संगीत रचण्यासाठी बोलावले, असा त्यात उल्लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे विदर्भातील गावांतून, म्हणजे समुद्रापासून कित्येक मैल दूर राहणाऱ्या वाचकांकडून आलेली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस आले की रात्र-रात्र वाजवणे सुरू होते, पावसाळ्यात मात्र हात मोकळे असतात. अडकलेल्या जहाजांच्या व खलाशांच्या बातम्यांची कात्रणे मी बऱ्याच काळापासून जमवत आलो आहे आणि त्यांवर अ‍ॅम्बियंट, म्हणजे एका जागी रेंगाळत वातावरण उभे करणारे संथ, संगीत रचावे अशी माझी फार इच्छा आहे. अडचण अशी की मी समुद्र पाहिलेला नाही. न पाहिलेल्या गोष्टीवर संगीत रचणे खोटेपणाचे ठरेल का? आणि सुरुवात नेमकी कोठून करावी? (एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : खोटेपणाचे मुळीच ठरणार नाही. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी यांनी समुद्रावरची आपली सुप्रसिद्ध वाद्यवृंदरचना १९०३ साली हाती घेतली, तेव्हा ते बर्गंडी या फ्रान्सच्या अंतर्भागातल्या प्रांतात राहत होते आणि तेथून समुद्र दिसत नव्हता. तुमची गोष्ट तर आणखी वेगळी आहे, कारण तुम्हांला समुद्राचे वर्णन करायचे नसून समुद्राविषयीच्या बातमीला संगीत द्यायचे आहे. बातमी तुम्ही वाचलेली आहे, जपून ठेवलेली आहे आणि ती तुमच्या मनात घर करून राहिली आहे. एवढी पात्रता पुरेशी आहे.

सुरुवात लाटांच्या आवाजापासून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बातमीत जो काळ दडलेला असतो, त्याच्यापासून सुरुवात करावी. एक उदाहरण घेऊन हे सविस्तर सांगतो. २३ मार्च २०२१ रोजी ‘एव्हर गिव्हन’ हे ४०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले. त्यावरचे २५ खलाशी सर्वच्या सर्व भारतीय होते. सहा दिवस जगभरच्या वृत्तपत्रांत ही पहिल्या पानावरची बातमी होती. जहाज सुटले ते २९ मार्चला, पौर्णिमेच्या मोठ्या भरतीचा आधार मिळाल्यावर, आणि आपल्याकडे तो धूलिवंदनाचा दिवस होता. आता हे सहा दिवस भरतीच्या मापाने मोजून पाहा. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणजे सहा दिवसांत साधारण बारा भरत्या येतात. एका भरतीला २५ सेकंद दिले तर तुमच्या रचनेचा हा भाग बरोबर पाच मिनिटांचा होतो. ऑर्गनवर षड्ज-पंचम धरून ठेवावा, २५ सेकंदांत स्वर एकदा भरावा आणि एकदा ओसरावा, आणि पौर्णिमा जवळ येत जाईल तसे हे भरणे प्रत्येक वेळी किंचित वाढत जावे. एवढ्याने बातमीचा सांगाडा तुमच्या हाती येतो आणि त्यात आपल्या पदरचे काहीही घालावे लागत नाही.

पण माझ्या मते खरे काम येथून पुढे सुरू होते. जहाज सुटल्याची बातमी झळकली आणि बहुतेकांचे लक्ष उडाले. वास्तविक नुकसानभरपाईच्या वादामुळे ते जहाज कालव्याच्या मार्गावरील ग्रेट बिटर सरोवरात ७ जुलैपर्यंत रोखून धरलेले होते आणि खलाशांपैकी बहुतेकांना त्यावरच राहावे लागले होते. हे शंभर दिवस होतात. आधीच्याच मापाने, म्हणजे भरतीला २५ सेकंद या हिशेबाने ते सुरांत मांडले तर सुमारे ८० मिनिटे लागतात. धावपळीची पाच मिनिटे आणि वाट पाहण्याची ऐंशी मिनिटे, हे प्रमाण एकदा कानांनी अनुभवले म्हणजे समुद्रावरच्या पत्रकारितेला अ‍ॅम्बियंट संगीत इतके का मानवते, हे समजते. मथळा घटनेपुरता असतो. चांगला बातमीदार मात्र मथळा उतरल्यानंतरही तेथे थांबतो, आणि त्याने पाहिलेला तो लांबच लांब, घटना नसलेला काळ ऐकवण्याची ताकद याच संगीतप्रकारात आहे. गीताला कडव्यानंतर ध्रुपदाकडे परतावे लागते, नाट्यपदाला टाळी घ्यावी लागते. अ‍ॅम्बियंट रचनेवर तसे कोणतेही बंधन नसते.

तुम्ही रंगभूमीवर वाजवत असल्यामुळे एक धोका आधीच सांगून ठेवतो. प्रवेश रंगत नाही असे वाटले की वादकाचा हात आपोआप भराव घालतो, कारण तेथे शांतता म्हणजे चूक समजली जाते. त्या ऐंशी मिनिटांत तुमचा हात असाच वळवळेल. अशा वेळी स्वर न वाढवता एखादा काढून घ्यावा. ऐंशी मिनिटांची रचना प्रत्यक्षात करायची नसेल तर माप बदलावे, एका भरतीला पाच सेकंद द्यावेत, तरी चालेल. मात्र दोन्ही भागांना माप एकच ठेवावे. पहिला भाग मोठा आणि दुसरा आटोपशीर केला, तर मथळ्याने केलेली चूकच तुमची रचनाही करील.

प्रश्न : अ‍ॅम्बियंट संगीत आणि आपला आलाप यांत फरक तो काय? दोन्हींत संथपणा आहे, दोन्हींत शब्द नाहीत. मी शाळेत मुलांना पेटी शिकवते, त्यांना हा फरक सोप्या रीतीने दाखवता येईल का? (एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : आलाप पुढे जातो. रागाचे एकेक दालन उघडत तो मंद्रातून तारसप्तकाकडे चढतो, आणि त्याची ओढ कळावी म्हणून ऐकणाऱ्याला लक्ष द्यावे लागते. अ‍ॅम्बियंट संगीताचे नाते आलापापेक्षा त्याच्यामागे वाजणाऱ्या तानपुऱ्याशी अधिक जवळचे आहे, कारण ते एका जागी राहते आणि त्या जागेचा रंग बदलते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७८ मध्ये विमानतळासाठी केलेल्या रचनांच्या ध्वनिमुद्रिकेपासून हे नाव रूढ झाले. त्यांची अपेक्षा अशी होती की हे संगीत लक्ष देऊन ऐकणाऱ्याला समाधान देईल आणि लक्ष न देणाऱ्याच्या आड येणार नाही.

मुलांना दाखवण्यासाठी ईनो यांनी वापरलेलीच युक्ती घ्या. त्यांनी एकेका स्वराच्या फितीचे निरनिराळ्या लांबीचे फेरे केले आणि ते एकाच वेळी चालू ठेवले. वर्गात तीन मुलांना तीन पेट्या द्या, किंवा एकाच पेटीवर तिघांना बसवा. एकाने दर १७ सेकंदांनी षड्ज, दुसऱ्याने दर २३ सेकंदांनी मध्यम आणि तिसऱ्याने दर २९ सेकंदांनी धैवत हलकेच वाजवावा व सोडून द्यावा. तिघांनी एकदम सुरुवात केली तर तिघे पुन्हा एकाच क्षणी एकत्र येण्यास ११,३३९ सेकंद, म्हणजे तीन तास आणि जवळजवळ नऊ मिनिटे लागतात. तोवर स्वरांची प्रत्येक गाठभेट नवी असते. लसावि शिकवण्याच्या तासालाही हा प्रयोग उपयोगी पडेल. आलापात पुढचा स्वर गवई ठरवतो, येथे तो मांडणीतून आपसूक उमटतो, हा फरक मुलांना व्याख्येविना कळेल.

प्रश्न : आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, येथे विहिरीचे पाणीसुद्धा खारट. या विहिरीचा आवाज मोबाइलवर मुद्रित करून त्यालाच समुद्र म्हणून वापरावे का, की इंटरनेटवर मिळणारे लाटांचे आवाज घ्यावेत? (एक वाचक, ता. तेल्हारा, जि. अकोला)

उत्तर : दोन्ही करू नये. विहिरीला विहीरच म्हणावे. वार्तांकनावर उभ्या असलेल्या संगीतात ध्वनीच्या उगमाबद्दल असत्य सांगणे मला गैर वाटते, कारण मूळ बातमीदाराने तपशील पडताळून घेण्यासाठी जे कष्ट घेतले त्यांचा तो अवमान होतो. लाटांच्या तयार ध्वनीबद्दलचा माझा आक्षेप निराळा आहे. लाट फुटण्याचा तो आवाज किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला ऐकू येतो. ज्या खलाशांच्या किंवा मच्छीमारांच्या बातम्या आपण वाचतो, त्यांच्या कानांत रात्रंदिवस असते ते इंजिन, पंखे आणि जनरेटर यांचे गुणगुणणे. पाण्याखाली ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो, हवेत तो साधारण ३४० मीटर वेगाने जातो. शिवाय समुद्रात उंच स्वर लवकर विरतात आणि खर्जातले स्वर फार दूरवर पोहोचतात. त्यामुळे जहाजांची घरघर समुद्राच्या पोटात कोसच्या कोस ऐकू जाते आणि खर्जातच एकमेकांना साद घालणाऱ्या मोठ्या देवमाशांना तिचा उपद्रव होतो. समुद्राचा ध्वनी शोधायचा तर या खर्जात शोधावा.

आणि त्या खर्जाचा एक धागा तुमच्या गावात, शिवारातल्या डीपीपाशी, म्हणजे विजेच्या रोहित्रापाशी, सापडेल. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे डीपीचा घूं असा आवाज मुख्यतः त्याच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचा असतो. खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या स्वरापेक्षा तो सुमारे ३५ सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. बहुतेक मोठ्या जहाजांवर मात्र वीज ६० हर्ट्झची असते, म्हणून तेथल्या विद्युतयंत्रांची हीच गुणगुण १२० हर्ट्झवर येते. १०० आणि १२० यांचे प्रमाण ५ : ६ आहे, आणि षड्ज व कोमल गंधार यांचे शुद्ध प्रमाण नेमके तेच आहे. तुमच्या शेतातल्या डीपीला षड्ज मानले तर जहाजाच्या पोटातली गुणगुण त्याचा कोमल गंधार ठरते. हे स्वरांतर कोणी रचलेले नाही, विजेच्या दोन मानकांमुळे ते आपोआप तयार झालेले आहे, आणि माझ्या दृष्टीने खारपाणपट्ट्यातल्या संगीतकाराला समुद्राशी जोडणारा यापेक्षा प्रामाणिक दुवा मिळणे अवघड आहे.

मुद्रणासाठी डीपीच्या कुंपणाबाहेर, सुरक्षित अंतरावर, वारा पडलेला असताना रात्री उभे राहावे. आत जाण्याचा किंवा खांबाला हात लावण्याचा प्रयत्न कोणत्याही परिस्थितीत करू नये. मोबाइलमध्ये वेव्ह स्वरूपात मुद्रित करावे, कारण एमपी३ मध्ये बारीक तपशील गळतात. ऑडॅसिटी ही मोफत संगणकप्रणाली या कामाला पुरते. तीत १०० हर्ट्झचा तो ध्वनी स्वतंत्र पट्टीवर (ट्रॅकवर) ठेवून दुसऱ्या पट्टीवर १२० हर्ट्झचा सूर तयार करावा, आणि मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज नीट वाजत नसल्याने तपासताना इअरफोन लावावेत. विहिरीचा आवाज हवाच असेल तर तो निम्म्या गतीने वाजवून पाहा. स्वर बरोबर एक सप्तक खाली जाईल आणि बादली आपटल्याचा प्रतिध्वनी एखाद्या पोलादी दालनातून आल्यासारखा लांबेल. श्रेयनामावलीत मात्र ‘विहीर, ता. तेल्हारा’ असेच लिहावे.

प्रश्न : मी आमच्या गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवते. माझ्या नातवाने अरबी समुद्रात बुडालेल्या तराफ्याच्या बातमीवर संगीत केले आणि मला ऐकवले. ते कानाला गोड लागले, पण त्यानंतर मला रात्री झोप आली नाही. जेथे माणसे बुडाली तेथे आपण गोड वाजवावे का? (एक आजी, ता. सेलू, जि. वर्धा)

उत्तर : आजी, आपण विचारलेला प्रश्न या सदराकडे आलेल्या सगळ्या पत्रांत मोलाचा आहे. आपल्या नातवाची बातमी बहुधा १७ मे २०२१ ची असावी. ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसे होती, आणि वाचलेल्यांना उसळत्या पाण्यात कित्येक तास काढावे लागले. अनेक जण परतले नाहीत.

जुने उदाहरण पाहू. ‘टायटॅनिक’वरचा कनिष्ठ तारयंत्रचालक हॅरल्ड ब्राइड वाचला आणि त्याची हकीकत १९ एप्रिल १९१२ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आली. जहाज बुडत असतानाही वाद्यवृंद वाजवत होता आणि शेवटची धून कोणती होती, हे त्याने त्यात सांगितले होते. त्या हकिकतीचा आधार घेऊन ब्रिटिश संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स यांनी १९६९ मध्ये एक रचना सुरू केली. वादकांनी वाजवणे थांबवलेच नसेल आणि ती धून पाण्याखालीही घुमत राहिली असेल, अशी कल्पना करून त्यांनी एक साधी प्रार्थनेची धून तंतुवाद्यांवर पुनःपुन्हा, हळूहळू अंधुक होत जाणारी अशी ठेवली. ती रचना गोडच आहे. परंतु तो गोडवा बातमीतल्या माणसांनीच वाजवलेल्या सुरांचा आहे. संगीतकाराने दुसऱ्याच्या दुःखावर वरून घातलेली ती साखर नाही. गोड वाजवावे की नाही यापेक्षा हा गोडवा कोठून आला, हे नातवाला विचारावे असे मला वाटते.

त्याला आणखी दोन गोष्टी सांगाव्यात. वाचलेल्यांच्या मुलाखतींतले रडणे किंवा आक्रोश त्यांच्या संमतीवाचून रचनेत घेऊ नये, मग तो ध्वनी कितीही परिणामकारक असो. दुसरी गोष्ट मौनाची आहे. मोर्स या तारयंत्राच्या संकेतलिपीच्या काळात ५०० किलोहर्ट्झ या संकटकालीन तरंगावर दर तासाला पंधराव्या ते अठराव्या आणि पंचेचाळिसाव्या ते अठ्ठेचाळिसाव्या मिनिटांत सर्व जहाजांनी आपले प्रक्षेपण थांबवून केवळ ऐकायचे, असा नियम होता. कोणाची क्षीण हाक गोंगाटात हरवू नये, हा त्यामागचा हेतू. तारयंत्राच्या खोलीतील घड्याळाच्या तबकडीवर ती तीन-तीन मिनिटे लाल रंगाने रंगवलेली असत. १९९९ मध्ये नवी उपग्रहाधारित व्यवस्था पूर्णपणे लागू झाली आणि ही पद्धत मागे पडली. नातवाची रचना १५ मिनिटांची असेल तर तिच्यानंतर अशी तीन मिनिटे त्याने खरोखर मोकळी सोडावीत, त्यांत वाऱ्याचाही आवाज भरू नये. आपण भजनाला बसणाऱ्या आहात. ही तीन मिनिटे रिकामी वाटतात की भरलेली, हे त्याला आपणच सांगू शकाल.

प्रत्येक वेळी मृत्यूचीच बातमी निवडावी असेही नाही. डहाणू-पालघरकडचे काही मच्छीमार गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात अडकून पडतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. वर्षातून दोनदा येणारी यादी आणि मधले सहा-सहा महिने, एवढ्या मांडणीवर एक पूर्ण रचना उभी राहू शकते, आणि तिची सांगता अजून व्हायची आहे.

प्रश्न : वार्तांकनावर आधारित संगीतासाठी एका परदेशी उपक्रमाने मला निमंत्रण दिले आहे. करार इंग्रजीत आहे आणि त्यात सर्व हक्क त्यांच्याकडे जातील असे दिसते. काम चांगल्या हेतूचे आहे, तेव्हा सही करावी का? आणि बातमीचा वापर केल्याबद्दल मला वृत्तपत्राची परवानगी लागेल का? (एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. घडलेल्या घटनेवर, तारखेवर किंवा आकड्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, तो बातमीच्या शब्दांवर, छायाचित्रांवर आणि ध्वनिमुद्रणावर असतो. तुमची रचना शब्दविरहित असेल आणि तुम्ही बातमीतला काळ व तपशील तेवढा घेतला असेल, तर परवानगीची गरज नाही. तरीही वृत्तपत्राचे नाव आणि तारीख द्यावी, म्हणजे ऐकणारा मूळ बातमीपर्यंत पोहोचेल. बातमीदाराने मुद्रित केलेला आवाज वापरणार असाल तर मात्र लेखी परवानगी हवी.

कराराबाबत हेतू आणि अटी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. उपक्रम चांगला असला तरी रचना तुमची आहे, आणि भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. एवढी दीर्घ मालमत्ता एका सहीने देऊन टाकताना निदान तीन गोष्टी वाचाव्यात : हक्क कायमचा देत आहात की ठरावीक मुदतीसाठी वापरण्याची परवानगी देत आहात, रचना वाजल्यावर मिळणाऱ्या मानधनात तुमचा वाटा किती, आणि तीच रचना पुढे तुम्हांला स्वतःला वाजवता व प्रसिद्ध करता येईल का. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हस्तांतराच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. परदेशी करारांत मात्र वाद कोणत्या देशाच्या कायद्याने सोडवायचा हे बहुधा शेवटच्या पानावर लिहिलेले असते, आणि तेथे दुसऱ्या देशाचे नाव असेल तर या तरतुदींचा आधार मिळेलच असे नाही. म्हणून ते पान आधी वाचावे, ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ या अर्थाचे शब्द जेथे असतील तेथे खूण करावी, आणि तालुक्याच्या न्यायालयातील एखाद्या जाणत्या वकिलाला दाखवून त्या ओळी बदलून मागाव्यात. बदल लेखी मिळेपर्यंत मूळ पट्ट्या पाठवू नयेत, ऐकण्यापुरती एक प्रत पाठवावी.